सिलुएटच्या मॅचला कागदी गोळ्या : खटाटोप परवडतो का?

डोंगरवाट

मंडळी, इथे बंदुकांवर धागे क्वचितच निघतात आणि निघाले की चौथ्या प्रतिसादात अमेरिकेच्या राजकारणावर घसरतात. त्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. हा निव्वळ खेळाचा धागा आहे. प्रश्न छोटासाच आहे, पण तो कळायला थोडं पाल्हाळ लावावं लागेल.

मी कोलोरॅडोत राहतो. आमच्याकडे ब्लॅक पावडर कार्ट्रिज रायफल सिलुएट नावाच्या मॅचेस होतात. रायफल एकबारी हवी, म्हणजे एक काडतूस घालायचं, बार काढायचा, मग दुसरं. घोडा बाहेरून दिसणारा, रचना १८९६ च्या आधीच्या अमेरिकन धर्तीची, वजन १२ पौंड २ औंसांच्या आत. दारू जुन्या पद्धतीची, काळी. समोर पोलादी पत्र्यातून कापलेले प्राणी: २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा. कोंबडी उभ्याने मारायची, कशाचाही टेकू न घेता. बाकीच्यांना फुलीसारख्या बांधलेल्या दोन काठ्यांवर नळी टेकवता येते. ४० बारांची मॅच असेल तर प्रत्येक प्राण्याला दहा. नुसती गोळी लागून भागत नाही, प्राणी आडवा झाला पाहिजे. मेंढ्याला लागली, घणघणाट झाला, मेंढा डुलला आणि पुन्हा उभा राहिला, तर भोपळा.

आता गोळी. बहुतेक जण शिशात थोडं कथील घालून गोळी ओततात. तिच्या अंगावर खाचा असतात आणि त्यात मेणचरबीचं वंगण भरतात. दुसरा, जुना प्रकार म्हणजे कागदी गोळी. अंग गुळगुळीत, खाचा नाहीत, वरून पातळ सुती कागदाचे दोन वेढे. नळीतून जाताना आट्यांशी (नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या वळणदार कडांशी) गाठ पडते ती कागदाची, शिशाची नाही. तोंडातून बाहेर पडताच कागदाच्या चिंध्या होऊन उडून जातात आणि गोळी उघडी पुढे जाते.

माझ्याकडे .४५-७० मापाच्या काडतुसाची रायफल आहे. टेबलावर बसून मारताना कागदी गोळ्या फार सुंदर पडतात, एकीला दुसरी खेटून. पण मॅचमध्ये घड्याळ लावलेलं असतं, आणि कागदी गोळीला दर बारानंतर नळी पुसावी लागते. खाचेची गोळी वापरणारे नुसते मागून नळीत फुंकर मारतात आणि पुढचं काडतूस घालतात. तर सिलुएटसाठी कागदाच्या वाटेला जावं का? कोणी जाऊन आलंय का?

खवय्या खानोलकर

कोंबडी, डुक्कर, टर्की, मेंढा. धागा पाककृती विभागात हलवावा.

मिरजकर

लेख आवडला. वाचनखूण साठवली. एक शंका: फुंकर मारतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि का?

पिपेट

हे मी सांगतो, रसायनशास्त्र अजून विसरलेलो नाही. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. आजची धूररहित दारू जळली की जवळजवळ सगळीच वायुरूप होते. काळी जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो: पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड आणि न जळलेला कोळसा. तो पांढरा धूर म्हणजे हीच भुकटी. यातली बरीचशी नळीतच चिकटते. बारानंतर सडक्या अंड्यांचा वास येतो तो सल्फाइडचा.

हा थर ओला असेल तर मऊ राहतो, पुढची गोळी त्याला ढकलत नेते. कोरडा पडला की कडक होतो आणि मग नेम गेला. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं, पण हवेत पाणी असलं तर ना! श्वासात बाष्प असतं म्हणून रिकाम्या काडतुसाला नळी जोडून मागून फुंकतात. शंका अशी की तिथल्या कोरड्या हवेत एवढ्याने भागतं का?

डोंगरवाट

@पिपेट, बरोबर पकडलंत. राष्ट्रीय स्पर्धा न्यू मेक्सिकोत रॅटन गावाजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरला होतात. तिथे समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन हजार मीटर उंची, उन्हाळा आणि कोरडा वारा. तीन-चार मोठे श्वास सोडावे लागतात. धापा टाकत नेम धरायचा म्हणजे काय ते विचारू नका.

आंबेरीचो भाव

मालवणात आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर परत बोळा, आणि गजाने ठासायची. पावसाळ्यात तुमच्या उलट रडगाणं: दारूच ओली. बार काढल्यावर कढत पाणी ओतून नळी धुवायची, नाहीतर दोन दिवसांत गंज. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना ते बरोब्बर कळायचं. तेव्हा ती शेतात.

शांतताप्रिय

अमेरिकेत रोज गोळीबार होतात आणि आपले लोक तिथे जाऊन बंदुकांचं कौतुक

संपादक

@शांतताप्रिय, धागालेखकाची विनंती वाचावी. पुढचा भाग काढला आहे. चर्चा विषयावर राहू द्या.

टेक्सासतात्या

डोंगरवाट, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. सिलुएटसाठी कागदाच्या भानगडीत पडू नकोस.

ही मॅच मी बरीच वर्षं मारतोय. कागद वाईट असं माझं म्हणणंच नाही. कागदाचे फायदे मला पाठ आहेत. शिसं नळीला घासत नाही, म्हणून नळीत शिसं चढत नाही. गोळी मऊ ठेवता येते. खाचा नसल्याने हवेचा अडथळा किंचित कमी. गोळी काडतुसात अगदी थोडी बसवायची असते, त्यामुळे दारूला जागा जास्त. सगळं खरं. पण हे फायदे हजार यार्डांवर जाणवतात. तुझा सगळ्यात लांबचा मेंढा ५०० मीटरवर आहे.

आणि तुझे गुण कुठे जातात ते बघ. स्वतःची गुणपत्रिका काढ आणि कोंबड्या मोज. सुटलेल्यांत निम्म्याहून जास्त कोंबड्या निघतील, हे मी न बघता सांगतो. २०० मीटर, उभ्याने, साडेपाच किलोची बंदूक हातात तोललेली. तिथे गोळी कागदात गुंडाळली काय आणि जरीच्या कापडात गुंडाळली काय! जो वेळ तू कागद कापण्यात घालवणार आहेस तो रोज संध्याकाळी भिंतीवर ठिपका काढून, रिकामी बंदूक उभ्याने धरण्यात घालव. मॅचमध्ये लवकर फरक दिसेल.

कोल्हापुरी तर्री

तात्या बरोबर बोलले. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर, झोपून आणि शेवटी उभ्याने. फायनलमध्ये एकेक जण बाहेर पडतो तो उभ्याच्या फेरीत. आमच्या राधानगरी तालुक्यातला पोरगा, त्याने जगाला उभं राहून दाखवलं.

बाय द वे, तो पण असलीच बंदूक वापरतो का?

टेक्सासतात्या

नाही हो. ती .२२, कारखान्यात भरलेली काडतुसं, धूररहित दारू. आमचा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. इथे गोळी ओतण्यापासून सगळं घरी.

मोंटानाची मावशी

तात्यांचा मान राखून, अजिबात पटलं नाही.

मी सिलुएट कागदी गोळ्यांनीच मारते. सगळेच प्राणी, कोंबड्यासुद्धा. दर बारानंतर पुसायला वेळ जातो ही भीती ज्यांनी सराव केला नाही त्यांची आहे. पद्धत सांगते. खटका खाली केला की रिकामं काडतूस बाहेर. गजावर ओलसर फडकं लावून मागून आरपार, मग एक कोरडं आरपार, मग नवीन काडतूस. पाण्यात थोडं विरघळणारं तेल घातलं की झालं. तुमची फुंकणारी मंडळी चार श्वास सोडून दम परत येण्याची वाट बघतात तोवर माझी नळी स्वच्छ झालेली असते. आणि स्वच्छ म्हणजे दर वेळी *सारखी* स्वच्छ. फुंकरीत ते नाही. सकाळी दव असताना एक, दुपारी ऊन तापल्यावर दुसरं. दुपारी मेंढ्यांच्या वेळी फुंकणाऱ्यांच्या गोळ्या वरखाली जायला लागतात, ते मी शेजारी बसून बघत असते.

शिवाय तात्या, कोंबड्यांचा मुद्दा धरला तर मग सगळंच सोडा. चांगली दारू कशाला, चांगली नळी कशाला? उभ्याने हात हलतो म्हणून गोळी वाईट वापरायची का?

टेक्सासतात्या

मावशी, तुम्ही मारू शकता हे मान्य. तुमच्याबरोबर स्पॉटर कोण असतो? फडकी कोण देतं? तो नवशिका आहे हो. गज एकदा हातातून निसटला की त्याचं चित्त गेलं.

मोंटानाची मावशी

स्पॉटर माझा नवरा असतो. त्याचं काम दुर्बिणीतून बघून वारा सांगायचं. फडकी मी गुडघ्याजवळ डबीत ठेवते. त्याला हात लावू देत नाही, तो चुकीचंच देतो.

खवय्या खानोलकर

धाग्यावरचा पहिला पूर्णपणे पटलेला प्रतिसाद.

जुनी पानं

उशिरा आलो. कागद गुंडाळलेली गोळी म्हटल्यावर कोणालाच १८५७ आठवलं नाही? शाळेत आपण चरबीची काडतुसं शिकलो, पण ते काडतूस होतं कसं हे कोणी शिकवत नाही. एन्फिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीच्या बाजूला बाहेरून चरबी. दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचं टोक कागदासकट नळीच्या तोंडात घालायचं, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली सारायची. म्हणजे गोळीभोवती कागद होताच, आणि चरबी होती ती तो कागद नळीतून सहज सरकावा म्हणून. डमडमच्या छावणीत जानेवारीत कुजबुज सुरू झाली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. धागालेखकाचा कागद आणि तो कागद हे भाऊभाऊच.

टेक्सासतात्या

चुलतभाऊ म्हणा. एन्फिल्डची गोळी नळीपेक्षा चांगलीच बारीक असायची, कारण ती पुढून, काजळीवरून खाली सारायची होती. बार झाल्यावर तिचा मागचा भाग फुलून आट्यांत बसायचा. आमची गोळी मागून जाते, काडतूस पितळेचं असतं आणि कागदाचं माप केसभरही चुकून चालत नाही. इंग्रजांनीच नंतर मार्टिनी-हेन्री घेतली, १८७१ ला. तिचं ४८० ग्रेनचं (साधारण ३१ ग्रॅम) शिसं कागदात गुंडाळलेलं असे. सख्खा भाऊ म्हणायचं तर तो.

जुनी पानं

चालेल, चुलत तर चुलत. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही.

कागदवेडी

मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण कागद म्हटल्यावर राहवलं नाही. सुती कागद का? आणि किती जाड? आमच्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासून केलेला कागद पाठवू का? पोत काय सुंदर असतो त्याचा!

डोंगरवाट

@कागदवेडी, पोत सुंदर असतो हीच अडचण आहे :) आम्हाला साधारण ०.००२ इंच जाडीचा लागतो, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. झेरॉक्सचा कागद याच्या दुप्पट. हातकागद त्याहून कितीतरी जाड, आणि एका टोकाला एक जाडी तर दुसऱ्या टोकाला वेगळी. इथे गणित असं: दोन वेढे म्हणजे व्यासात चार जाड्या. ०.४४२ ची गोळी, वर चार गुणिले ०.००२, झाली ०.४५०. माझ्या नळीचं आतलं माप, आटे सोडून, तेवढंच आहे. कागद थोडा जाड निघाला तर गोळी आत जाणारच नाही.

सुती अशासाठी की ओला करून ताणून गुंडाळला तरी तो फाटत नाही, आणि सुकताना आवळून बसतो. कागद समांतरभुज चौकोनात कापतात. तिरप्या कडा एकमेकींना नुसत्या भिडल्या पाहिजेत, चढल्या की तिथे उंचवटा. खाली उरलेला काठ गोळीच्या बुडाखाली दुमडायचा.

कागदवेडी

विडी वळतात तसंच की! सोलापूरला बायका बसल्या बसल्या शेकड्याने वळतात. तुम्ही इंच मोजत बसलाय.

भोसरीचा लेथ

०.४४२ ची गोळी ओतायला साचा कोण देतो? चित्र पाठवा, पितळेत करून देतो. ऑर्डर मोठी असेल तर चहा फुकट.

मोंटानाची मावशी

@डोंगरवाट, बाहेर पडलेल्या कागदाचं काय? ते बघतोस का? कागदी गोळीचं गुपित तुझ्या पुढ्यात पाच-दहा पावलांवर जमिनीवर पडलेलं असतं. बारीक पट्ट्या, आट्यांनी सरळ चिरलेल्या, तर सगळं ठीक. कडा जळक्या किंवा करपलेल्या असतील तर गरम वायू बाजूने पुढे घुसतोय, म्हणजे गोळीच्या बुडाखालचा, दारूवरचा पुठ्ठा नीट बसत नाही. आणि मोठा अख्खा तुकडा सापडला तर कागद गोळीला चिकटून काही अंतर गेलाय, ती गोळी कुठे गेली ते देवाला माहीत. गज घेण्याआधी ते कागद उचल.

डोंगरवाट

मावशी, पट्ट्या छान पडतात. मधूनमधून एखादं कागदाचं गोल कडं आतच राहिलेलं सापडतं, काडतुसाचं तोंड संपतं त्या जागी.

मोंटानाची मावशी

मग तुझी पितळं, म्हणजे पितळी काडतुसं, आखूड आहेत. तोंड आणि आटे सुरू होण्याची जागा यांच्यात फट राहते, गोळी तिथे फुगते आणि कागदाचं कडं कापलं जातं. ते आत राहिलं की पुढची गोळी त्याच्यावरून जाते. आधी हे नीट कर. लांबीला बरोबर पितळं घे, मग पुसण्याचं बघू.

टेक्सासतात्या

यावर आमचं एकमत. नोंद घ्यावी, दुर्मिळ आहे.

जुनी पानं

मघाशी तात्या हजार यार्डांवरचं बोलले त्यावरून. १८७४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयरिश आणि अमेरिकन संघांची लढत झाली. सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ बार. आयरिश लोकांकडे पुढून ठासायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. एका आयरिश पठ्ठ्याने शेजारच्याच निशाणावर अचूक गोळी मारली, तिचे शून्य गुण, आणि तीन गुणांनी मॅच गेली. तेव्हा काय कागद, काय आटे, काय वंगण!

मिरजकर

शेजारच्या निशाणावर :)) आमच्या गल्लीत क्रिकेटमध्ये दुसऱ्याच्या स्टंपवर थ्रो मारणारा एक होता.

आंबेरीचो भाव

एक विचारू? सिलुएटमध्ये कोंबडी, डुक्कर हेच प्राणी का? हरीण-अस्वल का नाही?

डोंगरवाट

@भाव, खेळ मेक्सिकोतून आलाय. तिथली नावंच अजून चालतात: गायीना, हावेलिना, ग्वाहोलोते, बोर्रेगो. जत्रेत खरी जनावरं लांब बांधून मारायची पद्धत होती, मग पत्र्याची आली. काळ्या दारूची राष्ट्रीय स्पर्धा रॅटनला १८८५ ला नव्हे, १९८५ ला सुरू झाली. हे आधीच सांगतो, कारण बंदुका बघून लोकांना शंका येते. आणखी एक गंमत: १८८५ च्या विंचेस्टर रायफलची जी नक्कल इथे खूप जण वापरायचे, ती जपानमध्ये बनायची.

आता मूळ प्रश्नाकडे. दोघांचं वाचून मनात असं आलंय: कोंबड्या आणि डुकरं खाचेच्या गोळीने मारायची, टर्की आणि मेंढे कागदी गोळीने. दोन प्राण्यांमध्ये जागा बदलायला वेळ असतो, त्यात नळी नीट धुऊन घ्यायची. वाऱ्याचा त्रास लांबच्यांनाच होतो, ५०० मीटर जायला गोळीला दीड सेकंदाहून जास्त लागतो.

मोंटानाची मावशी

दोन प्रकारच्या गोळ्या म्हणजे मागच्या साइटच्या (नेम धरायच्या पट्टीच्या) नोंदींच्या दोन वह्या. मॅचच्या गडबडीत टर्कीला डुकराच्या वहीतला आकडा लावशील. एक काहीतरी धर.

टेक्सासतात्या

या बाबतीत मी मुलाच्या बाजूने. मेंढा वजनदार असतो. त्याच्या पायाला गोळी लागली तर तो घणघणतो आणि उभा राहतो, पाठीला लागली तर पडतो. म्हणजे तिथे वरखालीचा हिशेब चोख हवा, आणि वरखालीच्या बाबतीत मावशींची पुसलेली नळी माझ्या फुंकरीला हरवते हे मला कबूल करावं लागेल. वह्यांना वेगवेगळ्या रंगाची पुठ्ठी घाल, झालं. कोंबड्यांचा सराव मात्र चुकवायचा नाही.

भोसरीचा लेथ

साच्याचं चित्र अजून आलेलं नाही.

डोंगरवाट

@लेथ, साचा आहे हो माझ्याकडे, पण गोळ्या ०.४४१ च्या निघतायत, एक सहस्रांश बारीक. साचा आतून थोडा वाढवता येईल का?

टेक्सासतात्या

साच्याला हात लावू नकोस. मिश्रण काय वापरतोस? एकास तीस, म्हणजे एक भाग कथील, तीस भाग शिसं? शिशात कथील वाढवलं की गोळी निवताना कमी आकसते. एकास सोळा करून बघ, आणि पूर्ण थंड झाल्यावर मोज. बरेचदा तेवढ्याने अर्धं माप भरून निघतं. उरलेलं कागदात सांभाळ.

भोसरीचा लेथ

गिऱ्हाईक घालवलंत तात्या.